विद्यार्थी लघुपट: आधी महोत्सव की आधी ऑनलाइन? आणि तयारी कुठून सुरू करावी?

शेवटचे_वर्ष

नमस्कार. चित्रपटनिर्मितीच्या अभ्यासक्रमातील अंतिम प्रकल्प म्हणून आम्ही केलेल्या लघुपटाचे संकलन नुकतेच पूर्ण झाले आहे. श्रेयनामावलीसह लांबी १८ मिनिटे, पात्रे दोनच, घर एकच आणि जवळजवळ सगळे प्रसंग रात्रीचे. ध्वनिमिश्रण आणि ग्रेडिंग, म्हणजे रंग व उजेडाची अंतिम जुळवणी, अजून व्हायचे आहे.

पुढे काय करायचे यावरून गटात दोन तट पडले आहेत. काहींच्या मते काम संपताच लघुपट यूट्यूबवर टाकावा, कारण शेवटी लोकांनी पाहणे महत्त्वाचे. बाकीच्यांना तो आधी महोत्सवांना पाठवायचा आहे. एखाद्या स्ट्रीमिंग मंचाने तो घ्यावा अशी माझी स्वतःची इच्छा आहे, पण त्याची वाट कशी असते याची मला कल्पना नाही. आणखी दोन गोष्टी मनात सलत आहेत. एका प्रसंगात नायिका स्वयंपाकघरात एक जुने चित्रपटगीत गुणगुणते आणि मागे रेडिओवर तेच गाणे हलके वाजत असते. शिवाय कलाकारांकडून आम्ही जे लिहून घेतले आहे, त्यात फक्त ‘शैक्षणिक प्रकल्पासाठी’ एवढेच शब्द आहेत. यामुळे पुढे अडचण येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मध्यंतर

तुमच्या दोन्ही तटांना हवे ते मिळू शकते. क्रम मात्र उलटा करता येत नाही. महोत्सवांत फिरून आलेला लघुपट केव्हाही ऑनलाइन टाकता येतो, पण एकदा सार्वजनिक झालेला लघुपट काही महोत्सवांच्या लेखी कायमचा ‘दाखवून झालेला’ असतो, मग तो तुम्ही दुसऱ्याच दिवशी काढून का टाकेना.

अर्थात सगळीकडे एकच नियम नाही, आणि नेमक्या याच बाबतीत ऐकीव माहितीवर निर्णय घेतले जातात. अमेरिकेतील सन्डान्स महोत्सव लघुपटांसाठी प्रथम प्रदर्शनाची अट घालत नाही; ऑनलाइन असलेला लघुपटही तिथे पाठवता येतो. याउलट ऑस्करच्या लघुपट विभागात श्रेयनामावलीसह ४० मिनिटांची मर्यादा आहे आणि पात्रता मिळण्याआधी लघुपट ऑनलाइन उपलब्ध झाला तर ती हातची जाऊ शकते. फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटांची असल्याने तिथे तुमचा लघुपट बसत नाही, परंतु चित्रपटशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी तिथेच ‘ला सिनेफ’ हा वेगळा विभाग आहे आणि त्यात ६० मिनिटांपर्यंतचे काम चालते. तीन मिनिटे कापून स्पर्धेत शिरण्याचा मोह कोणाला झालाच, तर तो आवरावा. विद्यार्थी म्हणून उघडी असलेली दारे पदवी मिळाल्यावर फार काळ उघडी राहत नाहीत, तेव्हा त्यांना अग्रक्रम द्या.

ज्या महोत्सवांत जाण्याची खरोखर इच्छा आहे आणि जिथे तुमच्या जातकुळीचे लघुपट याआधी निवडले गेले आहेत, अशांची छोटी यादी करा. प्रत्येकाचे त्या वर्षीचे नियम मूळ संकेतस्थळावर वाचा आणि प्रदर्शनाची अट, लांबी, अंतिम मुदत व प्रवेशशुल्क लिहून काढा. अनेक महोत्सव ठरावीक तारखेनंतर पूर्ण झालेलेच चित्रपट घेतात. म्हणून ‘पूर्ण झाल्याची तारीख’ हा अर्जातला किरकोळ रकाना समजू नये. घड्याळ तिथून चालू होते. ध्वनिमिश्रण बाकी असताना घाईने ती तारीख जाहीर करून टाकू नका.

निवड समितीला पाठवायची प्रत पासवर्ड असलेल्या लिंकवर ठेवावी. यूट्यूबवरील ‘अनलिस्टेड’ लिंक ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो आणि ‘प्रायव्हेट’ ठेवल्यास पाहणाऱ्याला खाते लागते, त्यामुळे दोन्ही पर्याय गैरसोयीचे आहेत. व्हिमिओवर लिंक न बदलता आतली फाइल बदलता येते, हा मोठा फायदा. तात्पुरत्या मिश्रणाची प्रत पाठवली असेल तर अंतिम प्रत त्याच लिंकवर चढवता येते. एकदा दिलेला पासवर्ड मात्र हंगाम संपेपर्यंत बदलू नका. समितीतील व्यक्ती अर्ज आल्यावर कितीतरी आठवड्यांनी लिंक उघडते, आणि ती उघडली नाही तर तुम्हाला विचारत बसण्याइतका वेळ तिच्याकडे नसतो.

हक्कनोंद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण क्रम ठरवण्याआधी लघुपट दाखवण्याचा हक्क तुमच्याकडे आहे का, हे पाहायला हवे. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून आज तरी तो पुरता नाही.

गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. नायिका गुणगुणते तेव्हा पहिला लागतो आणि रेडिओवर मूळ ध्वनिमुद्रण वाजते तेव्हा दोन्ही लागतात. आवाज हलका आहे, काही सेकंदच आहे, लघुपटातून पैसे मिळवायचे नाहीत, यांपैकी कोणत्याही कारणाने परवानगीची गरज आपोआप संपत नाही. गाणे कुठे नोंदवलेले दिसत नाही म्हणून ते मोकळे आहे असेही नाही. बर्न करार १८८६ चा आहे आणि त्यानुसार हक्क निर्मितीबरोबरच उत्पन्न होतो, नोंदणीची अट नसते.

गाणे ठेवायचेच असेल तर हक्कधारकाला एकाच पत्रात दोन दर विचारा: केवळ महोत्सवांसाठीचा आणि सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी वापराचा. विद्यार्थ्यांना महोत्सवापुरता परवाना पुष्कळदा स्वस्तात मिळतो. त्या आनंदात दुसरा दर विचारायचा राहतो, आणि लघुपटाला पारितोषिक मिळाल्यावर ऑनलाइन जायची वेळ येते तेव्हा समोरचा दर आपल्या हातात नसतो. म्हणून महोत्सवाचे पैसे आता आणि ऑनलाइन वापराचे, आधीच ठरलेल्या दराने, पुढे लागतील तेव्हा, असे कलम पहिल्याच करारात घालून घ्यावे.

मोफत संगीताचा विचार करत असाल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने नीट वाचा. त्या परवान्यांच्या मजकुरातच असे स्पष्ट केले आहे की संगीत चालत्या चित्राला वेळेनुसार जोडले की ते रूपांतर ठरते. त्यामुळे ‘रूपांतर नको’ अशी अट असलेले संगीत लघुपटात वापरताच येत नाही. ‘त्याच अटींवर वाटप’ असे लिहिले असेल तर तुमचा लघुपटही त्याच परवान्याखाली सोडावा लागतो, आणि तसा लघुपट एकाधिकाराने घ्यायला कोणी सहसा तयार होत नाही. ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट यूट्यूबवर जाहिराती सुरू करताच आड येते. केवळ श्रेय मागणारा परवाना सगळ्यांत सोयीचा. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या रचनाकाराची सुरावट मोकळी असली तरी तिचे अलीकडचे ध्वनिमुद्रण मोकळे नसते, हेही ध्यानात असू द्या.

माझा सल्ला मात्र गाणे बदलण्याचाच आहे. रेडिओवर स्वतः लिहून स्वतः वाचलेले हवामानवृत्त चालेल. गुणगुणण्यासाठी एखाद्या संगीताच्या विद्यार्थ्याकडून चार ओळींची चाल बांधून घ्या आणि तिचाही लेखी करार करा. मैत्रीत बांधलेली चालदेखील कागद होईपर्यंत त्याचीच असते. नायिका ओट्याकडे तोंड करून उभी असेल आणि ओठ दिसत नसतील, तर नवी चाल नंतर ध्वनिमुद्रित करून बसवणे अवघड नाही.

कलाकारांचे कागद आजच नव्याने करा. ‘शैक्षणिक प्रकल्पासाठी’ या शब्दांत स्ट्रीमिंग, दूरचित्रवाणी, ट्रेलर, पोस्टर, स्थिरचित्रे यांपैकी काहीही निःसंशय बसत नाही. सर्व माध्यमे, सर्व प्रदेश आणि प्रसिद्धीसाहित्य यांचा स्पष्ट उल्लेख असावा. सगळे अजून एकमेकांच्या संपर्कात आहेत तोवर हे काम सहज होते.

राहिला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: लघुपटाचा स्वामित्वहक्क कोणाचा? प्रवेशाच्या वेळी सही केलेली नियमपुस्तिका शोधा. काही संस्था विद्यार्थ्यांच्या कामाचे हक्क स्वतःकडे ठेवतात, काही विद्यार्थ्यांना देतात, तर काही महोत्सवांना मोकळीक देऊन व्यावसायिक वापरासाठी परवानगीची अट घालतात. संस्थेच्या संगणकावरील सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि ध्वनिसंग्रह यांचे परवाने शैक्षणिक वापरापुरतेच आहेत का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

शेवटचे_वर्ष

दोन्ही सविस्तर प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. नियमपुस्तिका काढून पाहिली. स्वामित्वहक्क संस्थेचा आहे. विभागाला कळवून महोत्सवांना पाठवण्याची मुभा आहे आणि इतर कोणत्याही वापरासाठी लेखी परवानगी लागते. गाण्याच्या प्रसंगात नायिका बहुतेक वेळ पाठमोरी आहे, एकाच शॉटमध्ये तिचा चेहरा बाजूने दिसतो. तो शॉट थोडा छाटता येईल असे संकलक म्हणत आहे.

नवी अडचण तांत्रिक आहे. चाचणीसाठी एक प्रत चढवून मोबाइलवर पाहिली, तर रात्रीच्या प्रसंगांत मागच्या भिंतीवर पट्टे आणि चौकोन दिसत होते आणि संवाद फारच हळू ऐकू येत होते. संकलनाच्या संगणकावर यातले काहीच जाणवत नाही.

फेडर

भिंतीवरचे पट्टे हा ऑनलाइन प्रदर्शनातला नेहमीचा आजार आहे आणि रात्रीच्या लघुपटांना तो हमखास जडतो. स्ट्रीमिंगसाठी चित्र दाबताना, म्हणजे फाइल लहान करताना, जिथे तपशील कमी दिसतो तिथे सर्वांत जास्त काटकसर केली जाते. अंधारी भिंत म्हणजे सावकाश बदलणाऱ्या काळ्या-करड्या छटा. आठ बिटांच्या चित्रात त्या छटांसाठी पायऱ्या आधीच मोजक्या असतात आणि दाबल्यावर त्यांतल्याही गळतात. उरलेल्या पायऱ्यांच्या कडा म्हणजेच तुम्हाला दिसलेले पट्टे.

उपाय ग्रेडिंगपासून सुरू होतो. दहा बिटांत, म्हणजे जास्त पायऱ्यांत, काम करा, काळा रंग अगदी तळाशी दाबू नका, आणि शेवटी अतिशय बारीक ग्रेन, म्हणजे दाणेदार पोत, घाला. ग्रेनमुळे छटांच्या कडा विस्कटतात आणि डोळ्याला पट्टा जाणवत नाही. ग्रेन जास्त झाला तर तोच दाबताना चिखलासारखा दिसतो, म्हणून भिंतीच्या एका शॉटवर दोन-तीन प्रमाणे करून चाचणी घ्यावी. यूट्यूब १०८० रेषांच्या चित्रासाठी साधारण ८ मेगाबिट प्रति सेकंद इतक्या दराची फाइल सुचवते. तुम्ही त्याहून जास्त दराची द्या, कारण मंच ती पुन्हा दाबणारच आहे. अनेक जण १०८० चा लघुपट फोर-केमध्ये मोठा करून चढवतात, कारण त्या आकाराला मंचाकडून अधिक दर मिळतो. अंधाऱ्या प्रसंगांत फरक दिसतो. आणखी एक गोष्ट, फाइल चढताच पाहून निराश होऊ नका. सुरुवातीला कमी दर्जाची आवृत्तीच दिसते, मोठ्या आवृत्त्या तयार व्हायला वेळ लागतो.

आवाजाचे कारण वेगळे आहे. एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचे एकक आहे, आणि उणे आकडा जितका मोठा तितका आवाज लहान. यूट्यूब उणे १४ एलयूएफएसपेक्षा मोठा आवाज खाली आणते, पण लहान आवाज वर नेत नाही. चित्रपटगृहाचा विचार करून केलेले शांत लघुपटाचे मिश्रण यापेक्षा पुष्कळ खाली असते. तुलनेसाठी सांगायचे तर युरोपीय प्रसारणाचे प्रमाण उणे २३ एलयूएफएस आहे आणि नेटफ्लिक्स संवादाची पातळी उणे २७ च्या आसपास मागते. याचा अर्थ संपूर्ण मिश्रण सरसकट वाढवा असा नव्हे. तसे केले तर दार आपटण्याचा आवाज फाटतो. ऑनलाइनसाठी वेगळे मिश्रण करा: संवाद वर, मोठे आवाज थोडे आवरलेले, आणि तपासणी मोबाइलच्या स्पीकरवर. मिश्रण अजून व्हायचे आहे, म्हणजे तुम्ही योग्य वेळी विचारले आहे. तेव्हाच संवाद, संगीत आणि परिणामध्वनी यांचे स्वतंत्र ट्रॅक काढून ठेवा. पुढे गाण्यावरून पुन्हा काही उद्भवले तर सगळे मिश्रण उसवावे लागणार नाही.

मूळ प्रत प्रोरेस ४२२ एचक्यू या कमी दाबलेल्या फाइल-प्रकारात ठेवावी. १०८० रेषा आणि सेकंदाला २४ फ्रेमना तिचा दर सुमारे १७६ मेगाबिट प्रति सेकंद असतो, म्हणजे तुमची १८ मिनिटे साधारण २४ जीबीत बसतील. चढवायची फाइल ८ मेगाबिटने केली तर ती १ जीबीच्या आसपास भरते. यावरून किती माहिती गळते याचा अंदाज येईल. मूळ प्रतीच्या तीन नकला, त्यांतली एक दुसऱ्या जागी. चित्रात उपशीर्षके कोरलेली नसलेली प्रतही जपा.

उपशीर्षके वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये (ओळी आणि त्यांच्या वेळा असलेल्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) करा आणि ती केवळ परभाषकांसाठी आहेत असे समजू नका. मोबाइलवर आवाज बंद ठेवून पाहणारे पुष्कळ असतात. इथे एक सापळा आहे. तुमचा प्रकल्प सेकंदाला २३.९७६ फ्रेमवर असेल आणि डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत, २४ वर केली, तर १८ मिनिटांच्या शेवटी उपशीर्षके जवळजवळ एक सेकंदाने मागे पडतात. सुरुवातीची दोन मिनिटे पाहून समाधान मानणाऱ्याला हे कळत नाही, म्हणून तपासणी शेवटच्या संवादावर करावी. डीसीपीसाठी डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

थेट_प्रदर्शन

सर्वांचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. महोत्सव, महोत्सव करत वर्ष-दीड वर्ष लघुपट पासवर्डाआड ठेवायचा, प्रवेशशुल्कात गटाची सगळी शिल्लक घालवायची आणि शेवटी नकाराच्या पत्रांचा गठ्ठा घेऊन तो यूट्यूबवर टाकायचा, तोपर्यंत गट पांगलेला असतो आणि प्रसिद्धीसाठी धावपळ करायला कोणी उरत नाही. लघुपट ऑनलाइन पाहूनच अनेकांना पुढचे काम मिळते. व्हिमिओ स्टाफ पिक्स, शॉर्ट ऑफ द वीक, ओमेलेटो, विज्ञानकथांसाठी डस्ट, भयकथांसाठी ऑल्टर अशा निवडक लघुपट दाखवणाऱ्या जागांचा प्रेक्षक पुष्कळ छोट्या महोत्सवांच्या प्रेक्षकांपेक्षा मोठा आहे.

स्वतःच्या नव्या चॅनलवर टाकणार असाल तर दोन व्यावहारिक गोष्टी. खात्याची फोनवरून पडताळणी झाल्याशिवाय यूट्यूब १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ घेत नाही, तेव्हा तुमच्या १८ मिनिटांसाठी ती प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नव्हे तर आताच करा. आणि ऑनलाइन प्रतीच्या सुरुवातीची संस्थेची, विभागाची, गटाची बोधचिन्हे एका फलकावर आणा किंवा शेवटी न्या. सभागृहात बसलेला माणूस ती निमूटपणे पाहतो. मोबाइलवरचा अंगठा थांबत नाही. जाहिरातींच्या उत्पन्नाचा हिशेब तर करूच नका. त्यातला वाटा मिळण्यासाठी चॅनलला १,००० सदस्य आणि वर्षभरात पाहण्याचे ४,००० तास लागतात, आणि एकाच लघुपटाच्या चॅनलला ते साधत नाही.

मध्यंतर

पांगलेल्या गटाचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणून महोत्सवांना पाठवायला सुरुवात करतानाच ऑनलाइन प्रदर्शनाची तारीख ठरवून सगळ्यांना कळवावी, आणि मधल्या काळात निवड झाली तरच ती पुढे ढकलावी. तुम्ही सांगितलेल्या जागांबाबत एवढीच भर घालतो की त्यांच्यापैकी काहींना लघुपट आधी ऑनलाइन झालेला नसावा असे वाटते, तर काही चॅनल यूट्यूबपुरता एकाधिकार मागतात. तेव्हा स्वतःच्या चॅनलवर टाकण्यापूर्वी त्यांना पाठवावे. तिथेही क्रमाचाच प्रश्न येतो.

शेवटचे_वर्ष

पडताळणी केली आणि बोधचिन्हे एका फलकावर आणली. आता शेवटची शंका. आमचा ट्रेलर पाहून एका अॅग्रिगेटर कंपनीने ई-मेल पाठवली आहे. आगाऊ शुल्क भरल्यास ते लघुपट अनेक स्ट्रीमिंग मंचांवर पोहोचवतील, असे त्यात म्हटले आहे. गटाला फार आनंद झाला आहे. सही करावी का?

हक्कनोंद

आत्ता करू नये. नेटफ्लिक्ससारखे मंच अनाहूत प्रस्ताव घेत नाहीत आणि अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ डायरेक्टने २०२१ पासून परस्पर पाठवलेले लघुपट व माहितीपट घेणे थांबवले, त्यामुळे मधल्या माणसाची गरज असते हे खरे. पण मोठ्या मंचांवर सुट्या लघुपटाला जागा मुळातच कमी आहे, आणि ‘पोहोचवणे’ म्हणजे ‘स्वीकारले जाणे’ नव्हे. नकार आल्यास शुल्क परत मिळेल का, हे लेखी विचारा. लघुपट विकत घेणारे खरेदीदार भेटतात ते फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ महोत्सवाच्या लघुपट बाजारासारख्या ठिकाणी, आणि तिथे वितरक आपल्या हिश्श्यावर काम करतो, सहसा आगाऊ शुल्कावर नाही.

करारात पुढील गोष्टी पाहा: कोणते मंच, नावानिशी, किती वर्षे, एकाधिकार आहे का, आणि असल्यास महोत्सव व स्वतःचे चॅनल त्यातून वगळले आहे का, खर्च वजा करून उरलेल्या रकमेतला हिस्सा असेल तर त्या खर्चाला कमाल मर्यादा आहे का, हिशेब केव्हा मिळणार, आणि कंपनी बंद पडल्यास हक्क आपोआप परत येतात का. शेवटचे कलम कागदी वाटते, पण डिस्ट्रिबर ही या क्षेत्रातली परिचित कंपनी २०१९ मध्ये कोलमडली तेव्हा अनेक स्वतंत्र निर्मात्यांचे पैसे तिच्याकडे अडकले होते.

तुमच्या बाबतीत याहून आधीची अडचण अशी आहे की सही करणारा ‘या लघुपटातील सर्व हक्क माझ्याकडे आहेत’ अशी हमी देतो आणि ती खोटी ठरल्यास नुकसानभरपाईही त्याच्याच गळ्यात येते. स्वामित्वहक्क संस्थेचा असल्याने ही हमी तुमच्यापैकी कोणीच देऊ शकत नाही. शिवाय गाणे अजून बदललेले नाही आणि कलाकारांचे नवे करार व्हायचे आहेत. ई-मेलला सभ्य उत्तर देऊन कराराचा मसुदा तेवढा मागवून घ्या, तो विभागप्रमुखांकडे पाठवा आणि त्याच पत्रात ऑनलाइन प्रदर्शनाची परवानगीही मागा. संस्थेचे उत्तर येईपर्यंत ध्वनिमिश्रण पूर्ण होईल.